मेणबत्ती, पेला आणि पाठ्यपुस्तक

मुलांना विज्ञानाची गोडी लागत नाही, ही मध्यमवर्गीय घरांतील जुनी तक्रार आहे. तिच्या जोडीला नेहमी दुसरी तक्रार असते, ती साधनांच्या अभावाची. शहरात विज्ञान केंद्रे आहेत, प्रयोगांचे तयार संच विकत मिळतात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या अणदूरसारख्या गावात ते कोठून आणावयाचे? पहिली तक्रार खरी असेलही. दुसरी मात्र तपासू जाता टिकत नाही.

अणदूरच्या खंडोबाला भंडारा उधळला जातो, तो हळदीचा. घरातील तशीच चिमूटभर हळद पाण्यात कालवावी आणि तीत पानाला लावण्याचा चुना किंचित मिसळावा. पिवळा रंग पाहता पाहता लाल होतो. लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. (चुना मुलाच्या डोळ्यांत जाणार नाही, एवढी काळजी मोठ्यांनी घ्यावी.) पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्या क्षणी आम्ल आणि अल्क हे शब्द सांगितलेच पाहिजेत असे नाही. त्याने मीठ, साखर, खाण्याचा सोडा, ताक, चिंचेचे पाणी असे एकेक घालून पाहावे. आमटीचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे मग ते आपण होऊन विचारील.

साधनांचा प्रश्न निकालात निघाला त्यालाही आता पन्नास वर्षे उलटली. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात खेड्यांतील शाळांमधून प्रयोगांद्वारे विज्ञान शिकविण्याचा उपक्रम १९७२ मध्ये सुरू झाला. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तेथे गेले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरपा होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. पत्र्याच्या छपराखालच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे ज्याने तो दाबून पाहिला त्याला निराळे सांगावे लागत नाही. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी टाकाऊ वस्तूंतून घडविली.

मग टंचाई आहे ती कशाची? मोठ्या माणसाच्या सवडीची. आम्ही अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतो, तो येथे रुपयांत नसून संध्याकाळच्या एका तासात मोजावा लागतो. त्याहून दुर्मीळ आहे ती ठाऊक असलेले उत्तर ओठांवर येऊनही गप्प बसण्याची तयारी. आणि शिक्षकाच्या घरात, सांगण्यास संकोच वाटतो, पण ती विशेषच दुर्मीळ!

पेटत्या मेणबत्तीचेच पाहा. ताटलीतील पाण्यात ती उभी करून वर पेला पालथा घातला की ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. ऑक्सिजन जळून गेला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी तेवढे चढले, असे स्पष्टीकरण अनेक पिढ्यांनी पाठ केले आहे. ते बरोबर नाही. एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावून तोच पेला घालावा. पाणी अधिक चढते. पेल्यातील ऑक्सिजन काही तिप्पट झालेला नसतो. शिवाय ज्योत जळत असताना पाणी फारसे हलत नाही. ती विझू लागली की झपाट्याने वर येते. वस्तुतः पेला घालताना आतील हवा तापून फुगलेली असते, काही वेळा ती कडेने बुडबुडे होऊन निसटतेही. ज्योत गेल्यावर ती थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत लोटतो. ऑक्सिजनही सर्व संपत नाही, आणि जो खर्ची पडतो त्याची जागा बऱ्याच अंशी कार्बन डायऑक्साइड घेतो.

आठ वर्षांची मुलगी हे बुडबुडे पाहते. उद्या परीक्षेत तिला एक पंचमांश लिहावयास सांगितले गेले, तर घरातील मोठ्यांनी काय करावे? गुण जाऊ नयेत म्हणून पुस्तकाप्रमाणे लिही असे सांगणे सोपे आहे, आणि मिळकतीच्या चिंतेने ग्रासलेल्या घराला त्याबद्दल दोष देणेही मला प्रशस्त वाटत नाही. परंतु त्या एका वाक्याने ती आपल्या डोळ्यांवर अविश्वास ठेवण्यास शिकते, आणि हा तोटा कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही. माझ्या मते तिने ताटली, पेला आणि तीन मेणबत्त्या घेऊन शाळेत जावे. शिक्षकांनी तो आपला अधिक्षेप मानू नये, वर्गासमोर प्रयोग करू द्यावा. मायकेल फॅरेडेसारख्या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये लहान मुलांपुढे केवळ मेणबत्तीवर व्याख्यानांची मालिका दिली होती. आपल्या वर्गाला एक तास द्यावयास हरकत नसावी.

ज्यांना मेणबत्तीचीही खटपट नको, त्यांच्यासाठी ऊन आहे. मे महिन्याच्या ११-१२ तारखेच्या सुमारास अणदूरला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या आरंभी हे पुन्हा घडते, पण तेव्हा ढग आडवे येतात. हे घड्याळातील बाराच्या ठोक्याला होत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आणि अणदूर त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून सुमारे बारा वाजून वीस मिनिटे होतात. मुलांना त्या दिवसांत सुट्टी असते. नोकरीवर असलेल्या आईवडिलांना मात्र जेवणाची सुट्टी थोडी अलीकडे ओढून घ्यावी लागेल.