कॅसेटच्या पोटात (भाग ६) : कागदाची किल्ली

मागच्या हप्त्यात आपण पहिल्या ‘मारिओ’तल्या ‘वजा एक’ या लेव्हलच्या पाण्यात अडकलो होतो. अमेरिकेच्या कॅसेटमध्ये ते पाणी कधी संपतच नाही आणि जपानच्या डिस्कवर मात्र तीन लेव्हली पार केल्या की चक्क सुटका होते, इथवर आलो होतो. ते सगळं चुकून झालेलं होतं. मारिओ भिंतीतून घुसला, प्रोग्रामने भलत्याच खणात हात घातला आणि जे हाती लागलं ते पडद्यावर आणून ठेवलं. आजच्या गोष्टीत चूक कोणाचीच नाही. खण मुद्दाम भरून ठेवलेला होता, कुलूपही मुद्दाम लावलेलं होतं, आणि किल्ली होती कागदाची.

गेमचं नाव ‘सुपर मारिओ ॲडव्हान्स ४’. निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी तो जपानमध्ये ११ जुलै २००३ रोजी आला, युरोप-अमेरिकेत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. माल तसा जुनाच. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ हा गेम जपानच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर ऑक्टोबर १९८८मध्ये येऊन गेला होता. १९९३मध्ये सुपर फॅमिकॉमवर त्याला नवे रंग चढले आणि आणखी दहा वर्षांनी तोच गेम छोट्या पडद्यावर उतरला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांनी पिवळ्या कॅसेटी फुंकर मारून लावल्या, त्यांच्या कानावर हे नाव असेल. माझ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं होतं आणि यादीत ‘मारिओ ३’ही होता. बटण दाबलं की निघायचा पहिलाच मारिओ, फक्त तिसऱ्या जगापासून सुरू झालेला. खरा तिसरा मारिओ मी फार उशिरा पाहिला.

या गेमला देशागणिक बदलायची खोड पहिल्यापासूनच होती. फॅमिकॉमचा गेम अमेरिकेत पोचायला फेब्रुवारी १९९० उजाडला. मधल्या सोळा महिन्यांत त्यात फेरफार झाले, त्यातला एक खेळणाऱ्याच्या थेट जिवावरचा. जपानच्या गेममध्ये शेपटीवाल्या मारिओला शत्रूचा धक्का लागला की तो एकदम चिमुकला होतो. अमेरिकेच्या गेममध्ये आधी फक्त शेपूट जाते, मोठा मारिओ शिल्लक राहतो आणि चुकायची आणखी एक संधी मिळते. लेव्हली त्याच, शत्रू तेच, पण दोन देशांतल्या पोरांच्या बोटांना वेगवेगळी शिस्त लागली.

आता २००३च्या कॅसेटकडे वळू. तिच्या मेनूत ‘लेव्हल कार्ड’ अशी एक ओळ होती. नुसती कॅसेट घेतलेल्या माणसाला तिचा काही उपयोग नव्हता. त्या ओळीमागचं जग उघडायचं तर काय काय लागायचं? एक गेम बॉय ॲडव्हान्स, त्यात मारिओची कॅसेट. दुसरा गेम बॉय ॲडव्हान्स, त्यात ‘ई-रीडर’ नावाचं यंत्र. हे पुस्तकं वाचायचं ई-रीडर नव्हे, कार्ड वाचायचं. ते कॅसेटच्याच खाचेत बसायचं, त्यामुळे एका यंत्रात कॅसेट आणि ई-रीडर दोन्ही मावायचा प्रश्नच नव्हता. म्हणून दोन यंत्रं, आणि दोघांना जोडणारी केबल. शिवाय पत्त्यांसारखी कार्डं, जी वेगळी विकत घ्यायची. शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशांत बसणारा हा प्रकार नव्हे. शेजारच्या मित्राकडे दुसरा गेम बॉय असला आणि त्या दिवशी त्याच्याशी भांडण झालेलं नसलं, तरच काम व्हायचं.

कार्डाच्या कडेला एक बारीक करड्या रंगाची पट्टी असायची. दुरून पाहिलं तर छपाईचा डाग वाटावा अशी. भिंग लावलं की दिसायचं, तो डाग म्हणजे हजारो काळे ठिपके आहेत. ही ठिपक्यांची भाषा ऑलिम्पस या कॅमेऱ्याच्या कंपनीने बसवलेली. पट्टी खाचेतून सरकवली की आतला दिवा तिच्यावर पडतो, सेन्सर ठिपके टिपतो आणि त्यांची पुन्हा माहिती होते. सरकवताना हात थोडा हलला किंवा कार्डावर ओरखडा असला तरी निभावायचं, कारण माहितीबरोबर चूक दुरुस्त करायचा मजकूरही त्याच ठिपक्यांत मिसळलेला होता. सीडीवर चरा पडला तरी गाणं चालू राहतं, त्यामागेही हीच युक्ती आहे.

एका लांब पट्टीवर माहिती किती मावते? सुमारे २.२ किलोबाइट. आणि गेम बॉय ॲडव्हान्सचा पडदा आहे २४० गुणिले १६० ठिपक्यांचा, म्हणजे ३८,४०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक बाइट धरला, तर पडद्यावरचं एकच स्थिर चित्र जसंच्या तसं साठवायला अठरा लांब पट्ट्या लागतील. चित्र एक, पट्ट्या अठरा! मग एवढ्याशा कार्डातून मारिओची आख्खी लेव्हल कशी यायची? शत्रू, पाइप, ढग, नाणी, शेवटचा दरवाजा, सगळ्यासकट?

उत्तर असं, की कार्डातून लेव्हल येतच नव्हती. यायची ती फक्त मांडणी. अमुक ठिकाणी इतक्या उंचीचा पाइप, तमुक ठिकाणी सलग पाच विटा, त्यांच्यावर एक कासव. घर बांधायला आलेल्या गवंड्याच्या हातात नुसता नकाशा द्यावा, तसं. विटा, वाळू, सिमेंट सगळं जागेवर आधीच येऊन पडलेलं. पाइपचं चित्र, कासवाची चाल, आवाज, संगीत हा सगळा माल ४ मेगाबाइटच्या कॅसेटमध्ये कारखान्यातूनच भरलेला होता.

आणि खरी गंमत इथेच आहे. कार्डांच्या लेव्हलींत मारिओ अशा गोष्टी करतो ज्या ‘मारिओ ३’मध्ये कधीच नव्हत्या. १९९०च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मधला पिवळा झगा पाठीला लावून तो उडतो. जमिनीतून भाजी उपटून शत्रूच्या अंगावर फेकतो. एका कार्डावर १९८५च्या अगदी पहिल्या मारिओची पहिली लेव्हल नव्या चित्रांत मांडलेली आहे. हा झगा आणि ती भाजी दोन किलोबाइटांच्या ठिपक्यांतून येणं शक्यच नाही. ती कॅसेटमध्येच होती, पहिल्या दिवसापासून. ज्याने एकही कार्ड घेतलं नाही, ज्याने ई-रीडर डोळ्यांनी पाहिलाही नाही, त्याच्या खिशातल्या कॅसेटमध्येही झगा घडी घालून ठेवलेलाच होता. नेहमीच्या गेमची आठही जगं पालथी घातली, खलनायक बाऊजरला हरवून राजकन्येला सोडवून आणलं, तरी तो हाती लागायचा नाही.

भाजीवरून थोडं विषयांतर करतो, कारण तिची कुंडली मजेदार आहे. जपानमध्ये १९८६ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून जो गेम निघाला, तो तेव्हा अमेरिकेला दिलाच नाही. त्याऐवजी १९८७चा ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा वेगळाच जपानी गेम उचलला, त्यातली माणसं काढून तिथे मारिओ मंडळी बसवली आणि १९८८मध्ये अमेरिकेत तोच ‘मारिओ २’ म्हणून विकला. भाजी उपटणं त्यातलं. पुढे १९९२मध्ये हा अमेरिकी अवतार ‘सुपर मारिओ यूएसए’ या नावाने जपानला परत गेला. म्हणजे भाजी जपानची, अमेरिकेत जाऊन मारिओची झाली, अमेरिकेचं नाव लावून माहेरी आली आणि शेवटी २००३च्या कॅसेटमध्ये कुलपाआड बसली. इतके समुद्र आपल्या हापूसनेही पार केले नसतील.

न वापरलेला माल कॅसेटमध्ये राहतो कसा, हा प्रश्न या मालिकेत पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं. गेम अर्धवट असताना केलेल्या लेव्हली नंतर नकोशा होतात. त्या पुसून टाकाव्यात, तर प्रोग्राममधले पत्ते इकडचे तिकडे होऊन भलतंच काही मोडायची भीती. चिपही ठरावीक मापांत मिळते. ४ मेगाबाइटच्या चिपमध्ये थोडी जागा रिकामी केली म्हणून कंपनीचा पैसा वाचत नाही. त्यामुळे दार तेवढं बुजवतात, खोली तशीच ठेवतात. १९८८च्या मूळ ‘मारिओ ३’मध्ये अशा बुजवलेल्या खोल्या कितीतरी आहेत. अर्धवट लेव्हली, कुठेच न दिसणारा सोनेरी मासा. तो सगळा उरलासुरला माल.

२००३च्या कॅसेटमधला माल उरलेला नव्हता. तो वाट पाहत होता. कॅसेट कारखान्यातून एकदा निघाली की तिच्यात कानामात्रा बदलता येत नाही, पण कार्डं पुढे कधीही छापता येतात. म्हणून पुढच्या कार्डांना लागेल ते सगळं आधीच भरून ठेवणं भाग होतं. आजच्या मोबाइल गेममध्ये पैसे भरले की नवा पोशाख ‘डाउनलोड’ होतो. तो बऱ्याचदा फोनमध्ये आधीच आलेला असतो, आपण फक्त परवानगी विकत घेतो. त्या धंद्याचे हे कागदी पूर्वज. कल्पना मला हुशारीची वाटते, व्यवहार मात्र लबाडीचा. कॅसेटचे पूर्ण पैसे मोजलेल्या माणसाला कॅसेटमधल्याच वस्तूसाठी दुसऱ्यांदा खिशात हात घालायला लावायचा!

खिशात हात घालायची तयारी असूनही भागलं नाही, ते देशोदेशीच्या फरकामुळे. गेम बॉय ॲडव्हान्स हे मोठं मोकळं यंत्र. टोकियोत घेतलेली कॅसेट न्यूयॉर्कच्या यंत्रात बिनतक्रार चालते. ई-रीडरचं तसं नव्हतं. जपानी कार्ड अमेरिकी ई-रीडर वाचत नाही, अमेरिकी कार्ड जपानी वाचत नाही. शिवाय जपानमध्ये २००१च्या डिसेंबरात आलेल्या पहिल्या ई-रीडरला दुसऱ्या यंत्राशी जोडायची सोयच नव्हती. ती २००३च्या सुधारित मॉडेलमध्ये आली. म्हणजे ज्या जपानी पोराने हौसेने पहिल्याच वर्षी यंत्र घेतलं, त्याला मारिओसाठी ते पुन्हा घ्यावं लागलं. अमेरिकेत ई-रीडर २००२च्या सप्टेंबरात आला तो जोडणीसकट, पण तिथे तो फार तगला नाही, २००४मध्येच गुंडाळला. काही लेव्हलींची कार्डं जपानबाहेर छापलीच गेली नाहीत. आणि युरोपात? तिथे ई-रीडर विक्रीलाच आला नाही. पॅरिसच्या दुकानातून मारिओ घेणाऱ्याला जवळपास कुठे किल्ली मिळायची सोयच नव्हती.

सगळ्या मिळून कार्डांच्या लेव्हली भरल्या ३८. पुढची गोम अशी, की कॅसेटच्या स्मृतीत एका वेळी ३२च मावतात. कार्ड एकदा वाचलं की त्याची मांडणी कॅसेटमधल्या १२८ किलोबाइटच्या फ्लॅश स्मृतीत उतरते आणि मग कार्डाची गरज राहत नाही. कुलूप फोडणाऱ्यांना वाट सापडली ती इथेच. गेम उलगडून पाहणाऱ्या हौशी मंडळींनी या स्मृतीची रचना शोधून काढली. लेव्हली भरलेली ‘सेव्ह’ फाइल एकाने तयार केली की दुसऱ्याला कार्डही नको आणि ई-रीडरही नको. काहींनी तर ठिपक्यांची भाषाच शिकून घेतली आणि घरच्या प्रिंटरवर स्वतःच्या पट्ट्या छापल्या. अशा फाइली हाताळणाऱ्यांना एक खूण माहीत असते. संगणकावर हा गेम चालवताना स्मृतीचा प्रकार १२८ किलोबाइट निवडला नाही, तर खेळलेलं नीट साठत नाही. याचं कारण आता तुम्हाला कळलं असेल. ती एवढी मोठी स्मृती कार्डांसाठीच होती.

निन्टेन्डोने स्वतः हे कुलूप काढलं ते बारा-तेरा वर्षांनी. २०१५-१६च्या सुमारास हाच गेम ‘वी यू’ या घरगुती यंत्रावर विकायला ठेवला, तेव्हा ३८च्या ३८ लेव्हली आतच दिल्या. कार्ड नाही, केबल नाही. जपानमध्येच राहिलेल्या लेव्हली अमेरिकेच्या खेळाडूला पहिल्यांदा रीतसर मिळाल्या. ‘वी यू’चं ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये खरेदीसाठी बंद झालं, पण त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, हा गेम निन्टेन्डोच्याच ‘स्विच’ या यंत्राच्या वर्गणीत कार्डांच्या लेव्हलींसकट येऊन बसला होता. वर्गणी भरत राहू तोपर्यंत झगा आपला.

परदेशातल्या भावंडांकडून आलेली अशी कार्डं कोणाच्या कपाटात असतील, तर एक विनंती. जपायच्या नादात त्यांना लॅमिनेशन करू नका. जाडी वाढली की कार्ड ई-रीडरच्या खाचेतून सरकत नाही. पट्टीला बोटं लागू देऊ नका, साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात उभी ठेवा. पुढच्या आठवड्यात आपण किर्बीकडे जाऊ. १९९२मध्ये त्याचा पहिला गेम अमेरिकेत निघाला, तेव्हा खोक्यावरच्या चित्रात हा गुलाबी गडी पांढराफटक छापला होता. तो तसा का छापला, ते तेव्हा पाहू.