पाटी धरणाऱ्याचं शिक्षण
रस्ता सुरक्षा : लेखांक ६

रस्त्याचं काम निघालं की एक मार्गिका बंद होते आणि दोन्हीकडची वाहनं उरलेल्या मार्गिकेतून आळीपाळीने सोडावी लागतात. त्यासाठीचे इशाराफलक, शंकू आणि अडथळे आपण मागच्या लेखात पाहिले. आज त्या वाहनांना थांबवणाऱ्या माणसाविषयी.

अमेरिकेत त्याला ‘फ्लॅगर’ म्हणतात. महामार्गावरच्या सगळ्या कामगारांपैकी जनतेशी सर्वाधिक संबंध त्याचाच येतो आणि लोकांची सुरक्षितता त्याच्यावर सोपवलेली असते, म्हणून त्याला प्रशिक्षण हवं, असं तिथल्या वाहतूक चिन्हांच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेत नमूद आहे. वॉशिंग्टन राज्यात फ्लॅगरकडे प्रशिक्षणाचं वैध कार्ड असावंच लागतं. ते ३ वर्षं चालतं, मग पुन्हा शिकायचं.

शिकायचं काय? सर्वात आधी, उभं कुठे राहायचं. ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर वेगाच्या गाडीसाठी नियमपुस्तिका थांबण्याचं अंतर २५० फूट धरते. वेग ताशी ५५ मैल असेल तर ते ४९५ फुटांवर, म्हणजे सुमारे १५० मीटरवर जातं. वेग दीडपटीहून थोडा अधिक वाढला, तर अंतर जवळपास दुप्पट झालं. कारण चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी धावतच असते आणि वेग वाढला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर त्याहून झपाट्याने वाढतं. वळणाच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

फ्लॅगरने कामगारांच्या घोळक्यात नव्हे, एकट्याने उभं राहायचं, म्हणजे तो चालकाला ठळक दिसतो. गाडी अनावर होऊन अंगावर आली तर कुठे उडी घ्यायची, हे त्याने आधीच हेरून ठेवायचं आणि मागच्या कामगारांनाही सावध करायचं.

दुसरा धडा खुणांचा. त्याच्या हातातली पाटी अष्टकोनी आणि किमान १८ इंच रुंद असते. एका बाजूला लालवर पांढऱ्या अक्षरांत ‘थांबा’, दुसऱ्या बाजूला नारिंगीवर काळ्या अक्षरांत ‘हळू’. थांबवताना पाटी स्थिर धरायची आणि मोकळ्या हाताचा तळवा खांद्याच्या वर, वाहनाकडे. नुसता लाल बावटा आणीबाणीपुरता ठेवावा, असं पुस्तिका सांगते. पाटीवरचा शब्द चालकाला जास्त स्पष्ट सूचना देतो, तर हलणाऱ्या बावट्याचा अर्थ प्रत्येक चालक आपापल्या परीने लावतो.

कार्ड मिळालं की काम संपत नाही. वॉशिंग्टनच्या नियमांनुसार नव्या जागी पाठवताना किंवा जागेची परिस्थिती बरीच बदलल्यावर मालकाने फ्लॅगरला तिथली वाहतूक, यंत्रं, खुणा आणि निसटण्याची वाट समजावून द्यावी लागते. शक्य असेल तिथे त्याच्या पाठीमागून वाहन किंवा यंत्र येणार नाही अशी जागाही द्यावी लागते. शिवाय इतर उपाय पुरेसे ठरत असतील तर माणूस उभाच करू नये, असा तिथला दंडक आहे.

आपल्याकडेही कामाच्या जागेवरील वाहतूक व्यवस्थापनासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची ‘एसपी ५५’ ही मार्गदर्शिका आहे. तिची सुधारित आवृत्ती २०१४ची. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल यांची ठरलेली मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड अपघातानंतरचा आणि प्रशिक्षण अपघाताआधीचं. घाटात, वळणावर लाल बावटा घेऊन उभ्या केलेल्या मजुराला कुठे उभं राहायचं, कोणती खूण करायची आणि कुठे पळायचं हे कोणी शिकवलेलं नसेल, तर त्याचा जीव आणि आपलाही जीव आपण नशिबावर सोडलेला असतो.

म्हणून रस्तेकामाच्या प्रत्येक निविदेत प्रशिक्षित आणि कार्डधारक वाहतूक नियंत्रकाची अट असावी, त्याच्या मजुरीचा आणि प्रशिक्षणाचा खर्च वेगळा दाखवावा आणि कार्ड तपासल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नये. तुमच्या गावात, प्रभागात रस्त्याचं काम निघालं की ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत हा प्रश्न जरूर विचारा. आणि पाटी किंवा बावटा दिसला की वेग कमी करा. समोरच्या माणसाच्या हातात गाडीचा ब्रेक नाही, तो तुमच्या पायाखाली आहे.