मंजुळा, बेणारे आणि नगरच्या मुली

नगरच्या हौशी रंगभूमीवर मुलींची निवड चाचणी ही तशी अलीकडची गोष्ट. साठ-सत्तरच्या दशकात नाटक बसवायचं ठरलं की पुरुष भूमिकांसाठी रुसवेफुगवे व्हायचे आणि स्त्री भूमिकांसाठी पायपीट. ‘बाईमाणूस कुठून आणायचं?’ हा प्रश्न संहिता वाचायच्या आधी विचारला जाई. संहितेत तीन बायका असल्या तर एकीला माहेरी धाडून नाटक दोघींवर आणायचं, ही संपादनाची रूढ पद्धत. खेड्यात जत्रेच्या नाटकाला तर पुण्याहून एका रात्रीच्या बोलीवर नटी यायची. दुपारच्या एसटीनं उतरायची, संध्याकाळी एक तालीम, रात्री प्रयोग. तिची परीक्षा घेणार कोण? उलट तीच नायकाला दटावायची, ‘अहो, तिकडून नाही, इकडून या.’

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ साली सुरू झाली आणि जिल्ह्याच्या गावांमधल्या नाटकवाल्यांना वर्षाकाठी एक तारीख मिळाली. नगरलाही ते वारं लागलं. मधुकर तोरडमल इथंच इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि सदाशिव अमरापूरकर इथलेच. या दोन नावांवर नगरकर आजही तासभर बोलू शकतात. पण त्या तासाभरात नगरच्या एखाद्या नटीचं नाव क्वचितच येतं. त्याचं कारण गुणांच्या तुटवड्यात शोधू नये, संधीच्या तुटवड्यात शोधावं. जी मुलगी घरच्यांची परवानगी काढून तालमीला येई, तीच निवडली जाई. चाचणी व्हायची ती वडिलांची.

स्त्रीच्या तोंडी लांबलचक बोलणं मराठी नाटकात नव्हतं असं मात्र नाही. ‘एकच प्याला’तली सिंधू बोलते, गाते, रडते. पण १९१९ साली ती बोलली बालगंधर्वांच्या तोंडून. तालेवार स्त्री भूमिका सुरुवातीला पुरुषांच्या गळ्यासाठी लिहिल्या गेल्या, हे विसरलं की पुढचा गोंधळ कळत नाही. सिंधूचं सोसणं घेऊन एखादी मुलगी आजही चाचणीला उभी राहते, आणि समोरच्याला दिसतं ते तिचं पाठांतर.

कॉलेजच्या एकांकिका स्पर्धा वाढल्या, मुली संख्येनं येऊ लागल्या, तेव्हा कुठे निवड हा शब्द खरा झाला. मग प्रश्न आला, करून दाखवायचं काय? मुलांकडे ‘नटसम्राट’ होतं. अप्पा बेलवलकरांची स्वगतं विशीतल्या पोरांनी इतकी झोडली की परीक्षक पहिल्या शब्दाला पेन खाली ठेवत. मुलींकडे असं एकच एक नाटक नव्हतं. पण ऐंशीनंतरच्या वीसेक वर्षांत त्यांचीही तीन ठरून गेली. मंजुळा, बेणारे आणि विद्या.

पु. ल. देशपांड्यांची ‘ती फुलराणी’ १९७५ची. मूळ शॉचं ‘पिग्मॅलियन’. गंमत अशी की मंजुळाचं ते प्रोफेसराला धडा शिकवण्याचं गाजलेलं स्वगत शॉच्या नाटकात नाहीच. त्याचं नातं आहे ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेतल्या एलायझाच्या गाण्याशी. पुलंनी त्याला मराठी लय दिली आणि भक्ती बर्वे यांनी ते असं केलं की पुढे कुणाला ते वेगळं करताच येईना. चाचणीला आलेल्या दहातल्या चौघी मंजुळा करत, आणि चौघीही मंजुळा न करता भक्ती बर्वे करत. तेच हेल, तोच हुंदका, तिथेच श्वास. परीक्षकाला पुढची जागा आधीच ठाऊक असते. मुलगी तिथे पोचली की नाही एवढंच तो बघतो. असा प्रवेश निवडीसाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाटकाचा यात काही दोष नाही. ज्याची नक्कल सगळ्यांना पाठ आहे त्यात आपलं असं काय दाखवणार?

शिवाय यात एक फारच बोचरी गोष्ट आहे. फुलराणी ही बोली सुधारण्याची गोष्ट. फुलं विकणाऱ्या पोरीला एक विद्वान शुद्ध बोलायला शिकवतो आणि माणूस म्हणून तिचं काय होतं याची त्याला फिकीर नसते. आता शेवगावची, पारनेरची किंवा अकोल्याची मुलगी घ्या (आपलं अकोले तालुक्याचं, विदर्भातलं नव्हे). ती घरचं बोलणं गिळून, ‘न’ आणि ‘ण’ सांभाळत, पुणेरी वळणानं आपला परिचय देते. मग मंजुळा म्हणून उसनी गावंढळ बोली लावते. आणि पुन्हा शुद्ध होऊन ‘धन्यवाद’ म्हणते. म्हणजे नाटकातल्या त्या प्रोफेसराचा, जहागीरदार मास्तरांचा, धडा तिनं आधीच गिरवलेला असतो, आणि स्वगत त्याच मास्तरांच्या विरुद्ध! एकदा अशाच चाचणीत शेजारच्या परीक्षक बाईंनी विचारलं,

‘कुठली गं तू?’

‘शेवगाव तालुक्यातली, मॅडम.’

‘घरी आईशी अशीच बोलतेस?’

‘न्हाई वो,’ मुलगी पटकन बोलून गेली आणि जीभ चावली.

‘मग आता हेच आईला सांगतेयस असं समज, आणि कर.’

तिनं पुन्हा केलं. ओळी त्याच, पण यावेळी राग खरा होता, कारण तो कुणावर काढायचा हे तिला ठाऊक होतं.

लीला बेणारेचं तसं नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’नं केलं, बेणारे सुलभा देशपांडे. शेवटचं स्वगत दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहावरून तेंडुलकरांनी लिहून दिलं, ही हकिगत नाटकवाल्यांत सर्वश्रुत आहे. त्या स्वगताची कळ मात्र फार थोड्या मुली ओळखतात. खोट्या खटल्यातलं कोर्ट बेणारेला बाजू मांडायला दहा सेकंद देतं. बाकी सगळे गोठतात आणि ती बोलू लागते. म्हणजे प्रेक्षकांना ऐकू येणारं हे सगळं बोलणं कोर्टाला ऐकूच येत नाही. घड्याळ पुन्हा चालू होतं तेव्हा ती गप्पच असते. हे न कळलेली मुलगी समोरच्या परीक्षकांना न्यायाधीश समजून त्यांच्यावर ओरडते. दुसरी खोड कात्रीची. अठरा वर्षांच्या मुलीला बेणारेच्या गरोदरपणाचा उल्लेख नको असतो, कधी घरच्यांना नको असतो, कधी कॉलेजला. तो काढला की उरतं जीवनावरचं एक चिंतन, आणि बेणारे आध्यात्मिक वाटू लागते. तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’मधली मुंगळ्याशी बोलणारी लक्ष्मी याहून कितीतरी सोयीची आहे. ऐकणारा मुंगळा, जागा जमिनीवर, आवाज घरातला. पण ती कुणी घेत नाही. नाटकाच्या नावाची भीती अजून गेलेली नाही.

तिसरी विद्या. प्रशांत दळवींच्या ‘चारचौघी’तला तिचा नवऱ्याशी फोनवरचा लांबलचक प्रवेश. १९९१ साली तो वंदना गुप्ते यांनी केला, २०२२च्या पुनरागमनात मुक्ता बर्वे यांनी. तिघींत मला निवडीसाठी सगळ्यात उपयोगी वाटत आलाय तो हाच, कारण ऐकणारा कोण आणि त्याच्याकडून हवंय काय, हे पहिल्या मिनिटाला ठरलेलं असतं. बहुतेक मुली चुकतात ती एकाच ठिकाणी. पलीकडच्याला बोलायला वेळच देत नाहीत. प्रश्न विचारला की लगेच पुढचं वाक्य! जी मुलगी पलीकडचं वाक्य मनात पूर्ण ऐकते, ती तिथल्या तिथे वेगळी दिसते. नव्वदच्या दशकात या प्रवेशाला अंगठा आणि करंगळी ताणून रिसीव्हर धरत. आता मुली सपाट तळहात कानाला लावतात. प्रवेश मात्र तारेच्या फोनच्या काळातला आहे. त्या बाईला फोन घेऊन घरभर फिरता येत नाही, आणि तिची अर्धी कोंडी तिथेच आहे.

१९९९ साली अल्फा मराठी ही वाहिनी आली आणि स्वगत एका मिनिटावर आलं. मालिकांच्या चाचण्यांना जाणाऱ्या मुली पहाटेच्या गाडीनं पुणे-मुंबई गाठायच्या, त्यांना कागद तिथेच हातात मिळायचा. तो काळ मी झटकन ओलांडतो. त्यातून प्रवेश निवडण्याची कला वाढली नाही, डोळ्यांत पाणी आणण्याचा वेग तेवढा वाढला.

खरा फरक पडला तो नंतर. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला तो नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकत असताना. श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडेंचा ‘ख्वाडा’ आला, २०१६ साली ‘सैराट’ आला. पडद्यावर घरचं बोलणं चालतं, एवढंच काय, तेच मागतात, हे मुलींना कळलं. वर्षभर त्या बिचकल्या नाहीत. मग जे व्हायचं ते झालं. ‘सैराट’मधल्या आर्चीच्या दरडावणीच्या प्रसंगाची फुलराणी झाली. दहातल्या चौघी आता बुलेटवरून उतरू लागल्या.

आणि इतकी वर्षं आमच्या पायाखाली काय होतं? सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते नगरला, सिंथिया फरार यांच्याकडे. त्यांच्यावरचा सुषमा देशपांडे यांचा ‘व्हय मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग १९८९पासून महाराष्ट्रभर फिरला. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली निघालं ते नगरहून. त्याच ‘ज्ञानोदया’त १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. चौदा वर्षांची मुलगी धर्माला जाब विचारते आहे, याहून चाचणीच्या वयाला साजेसं दुसरं काय हवं? संगमनेरला कांताबाई सातारकरांचा फड होता. वगात शिवाजी महाराजांची भूमिका त्या स्वतः करत. इकडे अमरापूरकरांना ‘सडक’मधल्या महाराणीसाठी फिल्मफेअर मिळालं. बाईनं पुरुष आणि पुरुषानं महाराणी, दोन्ही याच जिल्ह्यानं पचवलं आहे. पण कॉलेजच्या चाचणीत एखाद्या मुलीनं पुरुषाचं स्वगत घेतलं, तर अजूनही कुजबुज होते.

या सगळ्यात मी पहिलं नाव घेईन ते लक्ष्मीबाई टिळकांचं. नगर आणि राहुरी या दोन्ही ठिकाणी टिळकांचा संसार झाला. त्यांच्या आठवणींची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. १९८२ साली विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला, त्यात लक्ष्मीबाई झाल्या सुहास जोशी. नवऱ्यानं धर्म बदललाय, आपण त्याच्याजवळ राहायला आलोय आणि सोवळं काही सुटत नाही, ही अवस्था ही बाई हसत हसत सांगते. रडण्याची सोय जवळजवळ नाहीच. म्हणूनच मुली हात लावत नाहीत. रडता आलं की अभिनय आला, हा समज आमच्याकडे फार जुना आहे.

टाळेबंदीनंतर चाचणी घरातच आली. फोन आडवा धरायचा, मागे निळी चादर, पंखा बंद कारण आवाज येतो. नाव, वय, उंची, डावीकडून चेहरा, उजवीकडून चेहरा, मग दोन मिनिटं. या दोन मिनिटांसाठी सर्वाधिक मागणी दिसते ती ऐतिहासिक बायकांना. २०२५ हे अहिल्याबाईंच्या जन्माचं तीनशेवं वर्ष, त्यांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, जिल्ह्यालाही २०२४ साली त्यांचंच नाव मिळालं, तेव्हा हे होणारच. पण ही स्वगतं बहुधा भाषणं असतात. बाई प्रेक्षकांकडे तोंड करून आपलं जन्मगाव, सासर आणि बांधलेले घाट सांगते. कुठलीही बाई एकटी असताना स्वतःला स्वतःचा जन्म कुठं झाला ते सांगत नाही! चांदबिबीचं तेच. हातात तलवार, तोंडात आरोळी. नगरचा किल्ला लढवून झाल्यावर मोगलांना वऱ्हाड देऊन तह करावा लागला, आणि १६०० साली आपल्याच माणसांनी फितुरीच्या संशयावरून तिचा जीव घेतला, ही बाजू कुणी लिहीत नाही.

अहिल्याबाईंच्या आयुष्यात तर एक असा पेच आहे की नाटककारानं तो शोधत यावं. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, आणि सती जाणाऱ्या सुनेला मल्हाररावांनी अडवलं. १७९१ साली जावई गेला आणि मुलगी मुक्ताबाई सती निघाली. तिला मात्र आईला अडवता आलं नाही. त्या दिवशी आई मुलीपुढे बसून काय बोलली असेल? ऐकणारी समोर आहे, हवं काय ते ठरलेलं आहे आणि वेळ थोडा आहे. दोन मिनिटांत बसेल असं हे कुणी लिहून आणलं, आणि चौंडीच्या आसपासच्या बोलीत आणलं, तर त्या मुलीला मी उंची विचारणार नाही.