कात्री कुठून चालवायची

बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडसमोरच्या एका मेडिकलात मी दोन तास स्टुलावर बसून होतो. बघत होतो ती कात्री. ‘तीनच द्या’ म्हटलं की दुकानदार भाऊ आधी स्ट्रिप उलटी करतात. बॅच नंबर आणि एक्सपायरी बहुधा एका टोकाला छापलेली असते. ते टोक हातात धरून गोळ्या दुसऱ्या बाजूने कापायच्या. घाईत छापील टोकच गेलं, तर उरलेल्या गोळ्यांचं वय कुणालाच कळत नाही. गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर मात्र काहीच राहत नाही, म्हणून बॅच आणि एक्सपायरी दोन्ही बिलावर उतरतात. बिल कुणी मागत नाही. भाऊ ते पुडीतच कोंबतात.

एकाने रिकामी स्ट्रिप पुढे केली. “पोराला ताप आहे, यातल्या दोन द्या.” स्ट्रिपवर लाल उभी पट्टी. अँटिबायोटिक.

“चिठ्ठी?”

“मागच्या वेळी हीच दिली होती.”

“त्या वेळी कुणाला?”

“मला.”

भाऊंनी स्ट्रिप परत केली. अशा काही औषधांसाठी 1 मार्च 2014 पासून एच-वन नावाची वेगळी वही आहे: डॉक्टर, रुग्ण, औषध, किती दिलं. नोंद तीन वर्षं जपायची. क्षयाची औषधंही तिच्यातच. माणूस तडक समोरच्या दुकानात गेला आणि पुडी घेऊन बाहेर आला. भाऊंनी बघितलं, बोलले काहीच नाहीत.

चिठ्ठी विचारायला काउंटरमागे शिकलेला माणूस लागतो. टांझानियात खेड्यापाड्यांत फार्मासिस्ट पोचतच नव्हते. म्हणून 2003 साली रुवुमा प्रांतात साध्या औषधविक्रेत्यांनाच शिकवून, दुकानं तपासून मान्यता द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे फार्मासिस्ट असतो. पुष्कळदा भिंतीवर, फ्रेममध्ये.

शेवटी एक आजी आल्या, इन्सुलिनसाठी. पिशवीत बर्फाचा गोळा होता. भाऊंनी तो आधी बाजूला काढला. “याला चिकटली की बाटली गोठते. गोठलेलं औषध वाया गेलं समजा.”

“घरी फ्रिज नाही रे बाबा.”

“मग दोन नका नेऊ. एकच न्या, संपली की या. आणि ती माठात ठेवा.”

“प्यायच्या पाण्यात?”

“पाण्यात नाही हो आजी! मोठ्या कुंडीत ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात बाटली. सावलीत.”

आजींनी बोटांवर मोजलं. “कुंडी, वाळू, मडकं.”

“आणि वाळू रोज भिजवायची.”

“आता हे चौथं,” म्हणत आजींनी करंगळी उघडली.