मॅग्नेशिअमचें भस्म कमी कां भरतें?

जळालेली वस्तु हलकी होते, हा चुलीपुढें बसणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. मोळीभर लाकडांची राख सुपांत मावते. धातूंची गोष्ट मात्र उलट आहे. मॅग्नेशिअम जळतें तेव्हां हवेंतील प्राणवायु त्याच्याशीं संयोग पावतो आणि भस्माचें वजन मूळ धातूहून वाढतें. २४ भाग मॅग्नेशिअम १६ भाग प्राणवायु घेतें व ४० भाग भस्म होतें. फ्रान्समध्यें लव्हाझिए यानें १७७४ सालीं बंद भांड्यांत कथील तापवून या वाढीचें कारण तराजूनें शोधलें. पुढें, जळतांना पदार्थांतून कांहीं तरी निघून जातें, ही जुनी समजूत ढासळली.

हिंगोली जिल्ह्यांतील, किंबहुना महाराष्ट्रांतील कोणत्याही माध्यमिक शाळेंतील विद्यार्थ्याला मॅग्नेशिअमची फीत ओळखीची असते. तिला मुशीची व तराजूची जोड दिली कीं हा नियम स्वतःच्या हातांनीं पडताळतां येतो. पण हात चुकला तर वजन वाढण्याऐवजीं घटलेलें दिसतें. मग विद्यार्थी पुस्तकांतला आंकडा वहींत उतरवितो, आणि मनांत मात्र जुनीच समजूत दृढ होऊन बसते. येथें नुकसान होतें तें विचाराचें.

चुका कोठें होतात? फीत हवेंत, विशेषतः पावसाळ्यांतील दमट हवेंत, काळवंडते. तो थर नव्यानें प्राणवायु घेत नाहीं. म्हणून फीत काचकागदानें घांसून व पुसून मगच तोलावी. न तापवितां तोललेल्या मुशींतील ओल पुढें उडून जाते. यास्तव रिकामी मूस झाकणासह आधीं तापवून, थंड करून तोलावी. झाकण फार उघडलें तर पांढरा धूर निसटतो, आणि तो धूर म्हणजेच भस्म. अगदीं बंद ठेवलें तर हवा मिळत नाहीं. सबब झाकणाची कड चिमट्यानें मधून मधून किंचित् उचलून लगेच टेकवावी. ऊन मूस तोलणें हीहि चूकच. तिच्याभोंवतीं हवेचा प्रवाह वर चढतो आणि ती हलकी भरते.

एक चूक डोळ्यांना दिसतच नाहीं. धातूचा कांहीं भाग हवेंतील नत्राशीं संयोग पावतो. ७२ भाग धातूला नत्र लागतें २८ भाग. प्राणवायु लागला असता ४८ भाग. यावर उपाय आहे. धातु पूर्ण जळून मूस गार झाल्यावर भस्मावर पाण्याचे थोडे थेंब टाकावे व मूस प्रथम मंद आंचेवर तापवावी. अमोनिया निघाला तर वर धरलेला हळदीचा ओला कागद तांबूस होतो. वसमतसारख्या हळदीच्या मुलखांत असा कागद करणें कठीण नाहीं. मग मूस तीव्र तापवून, गार करून तोलावी. लागोपाठ दोन वजनें सारखीं येईपर्यंत हें पुन्हां करावें.

या सर्व चुका एकाच बाजूला ओढतात, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. प्रत्येकीनें वाढ कमीच दिसते. म्हणून दहा गटांची सरासरी काढूनहि दोष जात नाहीं. तो कृतींतच शोधावा लागतो. पिवळ्या ज्योतीची काजळी मात्र वजन खोटें वाढविते. ज्योत निळी ठेवावी.

तराजूचीहि मर्यादा असते. ०.२४ ग्रॅम धातूला वाढ ०.१६ ग्रॅम, दोन वजनांत मिळून ०.०२ ग्रॅमचा फरक पडला तर एक अष्टमांश चूक झाली. ०.६० ग्रॅम धातु घेतला तर वाढ ०.४० ग्रॅम, आणि तोच फरक एक विसांशावर येतो.

जळत्या मॅग्नेशिअमकडे टक लावून पाहूं नये, व त्यावर पाणी कदापि टाकूं नये. तापलेला धातु पाण्यांतून ज्वालाग्राही उज्जवायु मुक्त करतो. जवळ कोरडी वाळू असावी.

आलेला आंकडा, चुकीचा असला तरी, वहींत तसाच लिहावा. तो कमी असेल तर कोणती पायरी निसटली हें त्यावरूनच शोधतां येतें. पुस्तकांतून उतरविलेला आंकडा असें कांहींच सांगत नाहीं.