विश्लेषण : जुना गार्डन ट्रॅक्टर घेताना आधीची ‘दुरुस्ती’च महाग का पडते?

इंजिन एका झटक्यात सुरू होते, धूर फारसा नाही, पिवळा रंग नुकताच मारलेला. अमेरिकेत ५०-६० वर्षांपूर्वीचे गार्डन ट्रॅक्टर बऱ्याचदा एवढ्या भांडवलावर विकले जातात. घेणारा ते ‘प्रोजेक्ट’ म्हणून घेतो. सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये खोलायचे, भाग बदलायचे, पुन्हा कामाला लावायचे. पण वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडून गंजलेला ट्रॅक्टर आणि कुणीतरी चुकीचा दुरुस्त केलेला ट्रॅक्टर यांत मोठा फरक आहे. पहिल्यात झीज असते आणि ती दिसते. दुसऱ्यातली झीज झाकलेली असते.

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे नेमके काय?

हिरवळ कापणारे हलके यंत्र वेगळे आणि गार्डन ट्रॅक्टर वेगळा. हिरवळ कापण्याबरोबरच नांगर ओढणे, माती भुसभुशीत करणे, बर्फ हटवणे ही कामेही त्याच्याकडून करून घेतात, म्हणून त्याची चौकट व गिअरबॉक्स दणकट असतात. आकार मात्र लहान. आपल्याकडे द्राक्षबागेत फिरणारे छोटे ट्रॅक्टर साधारण १८ अश्वशक्तीचे असतात. ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ने १९६१ मध्ये बाजारात रुजवलेला पहिला ‘कब कॅडेट’ अवघ्या ७ अश्वशक्तीचा होता. हीच ती कंपनी, जिच्याबरोबर महिंद्रने १९६३ मध्ये मुंबईत ट्रॅक्टरसाठी भागीदारी केली आणि पुढे ‘बी-२७५’ महाराष्ट्राच्या शिवारात पोहोचला.

इतक्या जुन्या यंत्रात जीव तो किती?

भरपूर. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे तयार झालेल्या या पहिल्या कब कॅडेटमधील गिअर कंपनीच्या ‘फार्मॉल कब’ या शेतीच्या ट्रॅक्टरवरून घेतले होते. म्हणजे बागेच्या यंत्रात शेतातली हाडे. इंजिन ‘कोहलर’चे, एका सिलिंडरचे, ओतीव लोखंडी ब्लॉकचे. सिलिंडर झिजला तर तो थोडा मोठा करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो. हे यंत्र दुरुस्त करण्यासाठीच बनवले होते, आणि त्याचा घातही तिथेच होतो. कारण पाना हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ते दुरुस्त करावेसे वाटते.

इंजिनात सर्वाधिक घोळ कुठे?

कनेक्टिंग रॉडपाशी. या इंजिनात ऑइल पंप नाही. रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी असते. प्रत्येक फेऱ्यात ती तेलात बुडते आणि तेल चहूकडे उडवते. तेल कमी झाले, किंवा ट्रॅक्टर फार तीव्र उतारावर चालवला, की पळी कोरडी फिरते. रॉड ॲल्युमिनियमचा असून तो क्रँकवर थेट फिरतो, मध्ये बदलता येईल असे वेगळे बेअरिंग नाही. कोरडा पडला की ॲल्युमिनियम तापून क्रँकला चिकटते, रॉड तुटतो आणि तुकडा ब्लॉक फोडून बाहेर येतो.

असा रॉड तुटल्यावर घाईतला कारागीर काय करतो? क्रँकवर चिकटलेले ॲल्युमिनियम पॉलिश पेपरने घासतो आणि नवा रॉड चढवतो. क्रँकचा तो भाग गोल राहिला आहे की लंबगोल झाला आहे, हे मायक्रोमीटरने पाहिले जात नाही. बोल्ट टॉर्क पान्याऐवजी अंदाजाने आवळले जातात. इंजिन सुरू होते, सौदा होतो आणि रॉड पुन्हा तुटतो तेव्हा ट्रॅक्टर नव्या मालकाच्या अंगणात असतो.

दुसरा उद्योग गव्हर्नरचा. इंजिनाचा वेग ३६०० फेऱ्यांच्या पुढे जाऊ नये, हे त्याचे काम. तो नीट चालेना म्हणून तारेने बांधून टाकला, तर ट्रॅक्टर ‘जोरात’ धावतो आणि विकणाऱ्याला सांगायला एक गुण मिळतो. प्रत्यक्षात त्या ॲल्युमिनियमच्या रॉडवरील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट झाला, तर ताण सव्वादोन पट.

वेल्डिंग दिसले तर?

थांबावे. पोलादी चौकटीवरचे नीट केलेले वेल्डिंग चालते. ओतीव लोखंडाचे तसे नाही. त्यात कार्बन बराच असतो. वेल्डिंगनंतर ते झपाट्याने थंड झाले की शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि तडा जोडाच्या बाजूने पुन्हा जातो. भाग आधी तापवणे, निकेलयुक्त रॉड वापरणे आणि सावकाश थंड होऊ देणे, एवढा खटाटोप केल्याशिवाय ते टिकत नाही. मागच्या गिअरपेटीवर वेल्डिंगचे जाड गाठोडे असेल आणि त्यावर रंगाचा ताजा थर असेल, तर रंग कशासाठी मारला हे वेगळे सांगायला नको.

१९६३ नंतरच्या मॉडेलमध्ये पट्ट्याऐवजी शाफ्टने शक्ती मागे जाते. त्या जोडणीतल्या पिना झिजल्या की त्यांच्या जागी साधे बोल्ट ठोकलेले आढळतात. बोल्ट भोकात हलतो, भोक लांबट होते, मग आणखी जाड बोल्ट येतो. शेवटी शाफ्टच बदलावा लागतो.

घेण्यापूर्वी काय पाहता येईल?

शक्यतो इंजिन थंड असताना जावे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल, तर सुरू होण्यातली अडचण लपते. तेलाचे दोन थेंब बोटावर घेऊन उन्हात धरावेत. चंदेरी चमचम दिसली तर ती ॲल्युमिनियमची असू शकते. जोडांवर सिलिकॉनचे फराटे बाहेर आले असतील, तर तितकेच आतही गेलेले असतात. कॉम्प्रेशन गेजचा आकडा पाहून निराश होऊ नये किंवा खूशही होऊ नये: या मालिकेतील अनेक इंजिनांत सुरू करताना दाब आपोआप सोडणारी योजना असते, त्यामुळे तो आकडा फसवा ठरतो. सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारी चाचणी अधिक भरवशाची. सुरक्षा स्विच तारेने जोडून निकामी केलेले नाहीत ना, हेही पाहावे. तसे असेल तर गिअरमध्ये असतानाही ट्रॅक्टर सुरू होऊन अंगावर येऊ शकतो.

ब्लॉक फुटलेला असला तरी ट्रॅक्टर भंगारात जायलाच हवा असे नाही. त्याची चाके, स्टिअरिंग, गिअरपेटी दुसऱ्याच्या कामी येते, आणि जाणकार म्हणूनच कधीकधी एकसारखे दोन घेऊन एक उभा करतात. फक्त त्या दुसऱ्याची किंमत पहिल्याच दिवशी हिशेबात धरावी लागते.

खोलताना धोका कोणता?

धुळीचा. त्या काळच्या रंगात शिसे, तर क्लच व ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. रंग कोरडा घासू नये. क्लचमधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची अनेकांना सवय असते. ती ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बंद करावे.