अनाथ विकलांग बालकांचे स्मरण : ज्यू परंपरेचा दृष्टिकोन

प्रस्तावना :
ज्यू धर्मजीवनात मृतांचे स्मरण हे कर्तव्य मानले जाते आणि ते प्रामुख्याने अपत्याकडे येते. आई-वडिलांच्या निधनानंतर सुमारे अकरा महिने 'कद्दिश' ही प्रार्थना म्हणणे व दरवर्षी मृत्युतिथीस दीप लावणे हे त्याचे स्वरूप होय. मग ज्याला आई-वडील नाहीत आणि अपत्यही नाही, अशा विकलांग बालकाचे स्मरण कोणी करावे? प्रस्तुत लेखात नेदरलँड्समधील एका घटनेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

आपेलडोर्नची घटना :
आपेलडोर्न येथे ज्यू मनोरुग्णांसाठी मोठे रुग्णालय होते. त्याच्या जोडीला बौद्धिकदृष्ट्या विकलांग मुलांची 'आखिसोमॉख' ही संस्था चालत असे. २१ जानेवारी १९४३ च्या रात्री नाझींनी ही ठिकाणे रिकामी करण्यास सुरुवात केली. सुमारे १,२०० रुग्ण व मुले आणि सुमारे ५० कर्मचारी यांना आगगाडीने ऑशविट्झला नेण्यात आले. तेथे पोहोचताच रुग्णांची व मुलांची हत्या झाली. नेदरलँड्समधील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी जवळपास तीन चतुर्थांश मारले गेले. त्यामुळे संस्थेत येताना जी मुले अनाथ नव्हती, त्यांच्यापैकीही अनेकांच्या मागे कद्दिश म्हणणारे कोणी उरले नाही.

परंपरेतील आधार :
या प्रश्नाचे उत्तर परंपरेतच सापडते. यशयाच्या ग्रंथातील ५६ व्या अध्यायात षंढांना ईश्वराच्या घरात स्मारक व नाव देण्याचे अभिवचन आहे आणि ते पुत्रकन्यांहून श्रेष्ठ म्हटले आहे. जेरुसलेममध्ये १९५३ साली स्थापन झालेल्या 'याद वाशेम' या स्मृतिसंस्थेचे नाव याच वचनातून आले. म्हणजेच हे अभिवचन मुळात शारीरिक व्यंगामुळे समाजाबाहेर ठेवलेल्या निपुत्रिकाला उद्देशून आहे, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. दुसरे असे की, कद्दिश एकट्याने म्हणता येत नाही; त्यासाठी दहा प्रौढांची उपस्थिती लागते. स्मरणात समाजाचा सहभाग असा आधीच गृहीत धरलेला आहे. ज्यांची मृत्युतिथी अज्ञात आहे, त्यांच्यासाठी इस्राएलच्या मुख्य रब्बी-मंडळाने तेवेत महिन्याची १० वी तिथी सामुदायिक कद्दिशसाठी नेमून दिली आहे.

समारोप :
ॲमस्टरडॅममध्ये २०२१ साली उभारलेल्या नामस्मारकात प्रत्येक बळीसाठी एक वीट आहे. तीवर नाव, जन्मतारीख व मृत्यूसमयीचे वय कोरलेले आहे. व्याधी किंवा व्यंग यांचा उल्लेख नाही. मारणाऱ्यांनी या मुलांना एका वर्गात मोजले, तर स्मरण त्यांना नावाने हाक मारते. अनाथ विकलांग बालकाचे स्मरण ही दया नसून, ज्याचे कोणी नाही त्याचा आप्त होण्याची समाजाने स्वीकारलेली जबाबदारी आहे, असा निष्कर्ष यावरून निघतो.